दक्षिणा कोणाला आणि कशासाठी?

महाराष्ट्रात इतिहासावर जितके बोलले जाते तितके भारतातील दुसऱ्या एखाद्या प्रांतात क्वचितच बोलले जात असेल. निवडणुकीच्या सभेत इतिहास, चित्रपटगृहात इतिहास, चौकातील फलकावर इतिहास, विधिमंडळात इतिहास, आणि दंगलीच्या आधी व दंगलीच्या नंतरही इतिहासच! परंतु ज्यांच्या कष्टांवाचून हा इतिहास उभाच राहू शकत नाही ते जुने कागद वाचणारे, ताम्रपट लावणारे, गावोगाव हिंडून ओव्या आणि वंशावळी टिपून घेणारे संशोधक व लेखक कशावर जगतात आणि त्यांच्या कामाला लागणारा वेळ त्यांना कोण पुरवितो, हा प्रश्न या कोलाहलात कोणी विचारीत नाही. अखेर तो प्रश्न संशोधक विद्यार्थ्यांनाच मुंबईच्या आझाद मैदानावर बसून विचारावा लागला, ही गोष्ट विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या पुण्यास तरी खचितच भूषणावह नाही.

घडले ते थोडक्यात असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली 'बार्टी', अनुसूचित जातींतील संशोधकांना पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देते. त्याच धर्तीवर मराठा व कुणबी समाजासाठी 'सारथी' आणि इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी 'महाज्योती' या संस्था निघाल्या. 'बार्टी'च्या २०२१ च्या तुकडीत ८६१ विद्यार्थी होते. वृत्ती मात्र २०० जणांनाच द्यावयाची, अशी भूमिका पुढे आली, आणि २०२३ साली या विद्यार्थ्यांना आझाद मैदानात दीर्घकाळ ठाण मांडावे लागले. त्याच वर्षी 'समान धोरणा'च्या नावाखाली तिन्ही संस्थांसाठी प्रत्येकी २०० जागांची मर्यादा ठरविण्यात आली. पुढे २४ डिसेंबर २०२३ रोजी तिन्ही संस्थांची सामाईक चाळणी परीक्षा झाली, तेव्हा प्रश्नपत्रिका २०१९ सालच्या 'सेट' परीक्षेचीच नक्कल असल्याची तक्रार झाली. १० जानेवारी २०२४ रोजी पुन्हा परीक्षा घ्यावी लागली, तर प्रश्नपत्रिकांची पाकिटे मोहोरबंद नव्हती असा आक्षेप घेऊन अनेक केंद्रांवर विद्यार्थ्यांनी तिच्यावर बहिष्कार घातला. ज्या तरुणांकडून आपण पुराव्याची काटेकोर छाननी अपेक्षितो, त्यांची निवड करणारी परीक्षाच पुराव्याच्या कसोटीला उतरू नये, याला काय म्हणावे?

या वृत्त्या एकट्या इतिहासासाठी नाहीत, सर्वच विषयांसाठी आहेत, हे आम्ही जाणतो. परंतु त्यांच्या विलंबाचा घाव सर्वांवर सारखा पडत नाही. औषधाच्या किंवा यंत्राच्या संशोधनाला एखादा कारखानदार आश्रय देतो, कारण त्यातून उद्या त्यालाच नफा व्हावयाचा असतो. मोडीतील महसुली दप्तर वाचणाऱ्यास, पोतराजाची गाणी टिपणाऱ्यास, गावकुसाबाहेरील वस्त्यांच्या आठवणी गोळा करणाऱ्यास कोणता कारखानदार आश्रय देणार? त्याच्या संशोधनाचा लाभ साऱ्या समाजाला व्हावयाचा असतो. म्हणूनच त्याचा खर्चही साऱ्या समाजाने उचलावा लागतो. आपण कोण, कोठून आलो, कोणाच्या श्रमावर आणि कोणाच्या अपमानावर आपले वैभव उभे राहिले, हे जाणून घेण्याची ती किंमत आहे.

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहावयाच्या असतील तर पुण्याच्या विश्रांतवाडी भागाइतके योग्य ठिकाण शोधूनही सापडणार नाही. आषाढी वारीत ज्ञानेश्वरमाउलींची पालखी आळंदीहून पुण्यात येते ती या वाडीवरूनच. येथेच राज्याच्या सामाजिक न्याय खात्याची कार्यालये असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सामाजिक न्याय भवन उभे आहे. तेथून थोड्याच अंतरावर येरवड्याच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजच्या दगडी इमारती आहेत, आणि त्याच येरवड्याच्या कारागृहात २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करारावर सह्या झाल्या. एकीकडे ज्ञानाचे जुने पीठ आणि दुसरीकडे ज्यांना त्या पीठाच्या पायऱ्याही शतकानुशतके चढू दिल्या नाहीत त्यांच्या हक्कांचे कार्यालय! या दोन वास्तूंमधील अंतर पायी चालून जाता येईल इतके थोडे आहे. पण ते कापावयास महाराष्ट्राला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला, आणि ते पुरते कापले गेले असे आजही म्हणवत नाही.

हे म्हणणे स्पष्ट होण्यासाठी वाचकांना थोडे मागे न्यावे लागेल. विद्वानांना सरकारी खजिन्यातून वृत्ती देण्याची कल्पना पुण्याला नवी नाही. सेनापती दाभाड्यांनी तळेगावात चालविलेला श्रावणमासातील दक्षिणेचा परिपाठ पुढे पेशव्यांनी पुण्यात आणला. दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण येत, पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात जमत आणि दक्षिणा घेऊन जात. त्यात पंडितांचा गौरव होता हे खरे. पण पांडित्याची परीक्षा फार थोड्यांची होई, आणि जन्माची परीक्षा मात्र प्रत्येकाची होई. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी ही दक्षिणा एकदम बंद केली नाही, तिला हळूहळू दुसरे वळण दिले. १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली ती दक्षिणेच्याच पैशातून, आणि तिच्याच परंपरेतून पुढे पूना कॉलेज व डेक्कन कॉलेज उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लोकहितवादींसारख्या सुधारकांनी मागणी केली की, हा पैसा केवळ जातीकडे पाहून न वाटता मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना पारितोषिक म्हणून द्यावा. त्यावर सनातन्यांनी पुण्यात मोठेच वादळ उठविले. पण 'दक्षिणा प्राइझ कमिटी' अस्तित्वात आलीच. त्यामागोमाग महाविद्यालयांतून 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले.

हे फेलो कोण होते? रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे! तरुणपणी पोटापाण्याची चिंता न करता वाचावयास व शिकवावयास मिळालेला तो काळ वाया गेला काय? १८८४ साली भांडारकरांनी दक्षिणेच्या प्राचीन इतिहासावरील आपला ग्रंथ सिद्ध केला आणि शिलालेख, नाणी व ताम्रपट यांवरून सातवाहनांपासूनचा आपला भूतकाळ कसा वाचावा हे देशाला दाखविले. १९०० साली रानड्यांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठेशाही म्हणजे लुटारूंचा अकस्मात पेटलेला वणवा होय, या परक्यांच्या सिद्धान्ताला त्यातून उत्तर मिळाले. संतांच्या चळवळीचा आणि स्वराज्याच्या स्थापनेचा संबंध सांगणारी एक नवी दृष्टी त्यातून मिळाली. त्यांची सर्व मते आज कोणी मान्य करणार नाही, आणि करूही नये. परंतु महाराष्ट्राला स्वतःची ओळख ज्या ग्रंथांनी दिली, त्यांच्या कर्त्यांची उमेदवारी त्या वृत्तीवर झाली होती, हे कोणी विसरू नये.

पण या कथेला दुसरे पान आहे, आणि ते वाचल्यावाचून पहिल्या पानाचा अभिमान बाळगण्याचा आपणांस अधिकार नाही. १८५५ साली जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि त्याच दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. अडाणी शेतकऱ्याला धर्माच्या नावाखाली कसे नाडले जाते आणि विद्या हाच त्यावरचा उपाय कसा आहे, हे सांगणारे ते नाटक. कमिटीने ते स्वीकारले नाही. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे स्वतः जोतीरावांनी १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त नमूद करून ठेविले आहे. ते नाटक छापले जाऊन वाचकांसमोर यावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. निधी तोच, शहर तेच, आणि उद्देशही कागदोपत्री तोच! त्या निधीने रानडे आणि भांडारकर दिले, आणि त्याच निधीने फुल्यांना दारातून परत पाठविले. वृत्ती असणे पुरेसे नाही. ती देणारे कोण आणि ती कोणत्या कसोटीवर देतात, यावर तिचे पुण्य किंवा पाप अवलंबून असते, हा धडा पुण्याने तेव्हाच शिकावयास हवा होता.

तो धडा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी आचरणात आणून दाखविला. १९१३ साली बडोदे संस्थानने भीमराव आंबेडकर या तरुणास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड. त्या वृत्तीवर त्यांनी तेथे काय अभ्यासिले? प्राचीन भारतातील व्यापार अभ्यासिला, आणि १९१६ सालच्या मे महिन्यात भारतातील जातींची उत्पत्ती व रचना यांवर आपला विख्यात निबंध वाचला. हिंदुस्थानचा इतिहास आणि हिंदुस्थानी समाजाची घडण हेच त्या शिष्यवृत्तीचे खरे फळ होते. शूद्र मूळचे कोण होते याचा शोध घेणारा १९४६ सालचा ग्रंथ त्यांनी जोतीराव फुल्यांना अर्पण केला, तेव्हा पुण्याच्या कमिटीने १८५५ साली जे दार लावले होते ते जणू न्यूयॉर्कच्या वाटेने उघडले गेले. त्याच चरित्रात आणखीही एक बोध आहे. लंडनमधील अभ्यास अर्धा असतानाच वृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची शिल्लक, मित्राचे कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर. ज्याला मित्र व महाराज भेटले नाहीत अशा किती जणांचा अभ्यास त्या अर्ध्या वाटेवर कायमचा थांबला असेल, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

आता या पार्श्वभूमीवर २०२२ सालचा एक सरकारी निर्णय वाचावा. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयातर्फे अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांना परदेशी शिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती दिली जाते. २०२२-२३ च्या नियमावलीत तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषयच वगळण्यात आले. कारण असे देण्यात आले की, हे विषय शिकावयास परदेशी जाण्याची आवश्यकता नाही, ते देशातच उत्तम शिकता येतात. वरवर पाहता हा युक्तिवाद स्वाभिमानाचा वाटतो; परंतु थोडा विचार करताच त्यातील पोकळपणा दिसून येतो. शिवकालासंबंधीचे इंग्रज कंपनीचे कागद लंडनमध्ये आहेत, आणि त्यांचा संग्रह १९३१ साली पुण्यातील शिवचरित्र कार्यालयाने प्रसिद्ध केला तेव्हा तो मराठी अभ्यासकांना अत्यंत मोलाचाच वाटला. मराठे-पोर्तुगीज संबंध उलगडण्यासाठी गोव्याच्या पिसुर्लेकरांना आयुष्यभर पोर्तुगीज दप्तरेच चाळावी लागली. पण कागदांहूनही मोठा मुद्दा दृष्टीचा आहे. गावच्या वाड्याची भिंत ज्याच्या अंगावर सावलीसारखी पडलेली असते त्याला ती कधीकधी दुरूनच नीट मोजता येते. हाच नियम १९१३ साली बडोद्यात असता, तर आंबेडकरांना जातींवरील निबंधाऐवजी दुसराच विषय धुंडाळावा लागला असता. ज्यांच्या पूर्वजांना या देशाच्या इतिहासाने सर्वाधिक छळले, त्यांनीच त्या इतिहासाचा अभ्यास परदेशी जाऊन करू नये, असा नियम नेमका त्यांच्याच शिष्यवृत्तीत असावा, हा योगायोग आम्हांस मुळीच समाधानकारक वाटत नाही. त्याच २०२२ सालच्या अखेरीस अल्पसंख्याक संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद अधिछात्रवृत्तीही बंद करण्यात आली, याचीही येथे नोंद केली पाहिजे.

अशा वृत्त्यांविरुद्ध एक आक्षेप नेहमी घेतला जातो: एवढ्या पीएच.डी. करून उपयोग काय? २०२३ सालच्या नागपूर अधिवेशनात तो विधिमंडळातही निघाला. हा प्रश्न विचारणारे सारेच विद्येचे वैरी असतात असे आम्ही म्हणत नाही. कर भरणाऱ्या नागरिकाला पैशाचा हिशेब मागण्याचा हक्क आहेच. परंतु उपयोगाचा हा हिशेब घाईने मांडला की काय होते, ते डेक्कन कॉलेजच्या भिंतींना विचारावे. १९३४ साली मुंबई सरकारने हे महाविद्यालय बंद करून टाकले. माजी विद्यार्थ्यांनी हार न मानता न्यायालयात दाद मागितली, मुकुंदराव जयकरांसारख्या कायदेपंडिताने ते कार्य अंगावर घेतले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी तेथे पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून नवा प्रपंच सुरू झाला. त्या पडत्या वास्तूत हसमुख सांकलिया आले आणि महाराष्ट्राच्या अश्मयुगाला व ताम्रपाषाणयुगाला बोलते केले. इरावती कर्वे आल्या आणि आपल्या कुटुंबसंस्थेचा व जातीजमातींचा नकाशा काढला. त्र्यंबक शंकर शेजवलकर आले आणि पानिपताची कारणमीमांसा करणारा ग्रंथ १९४६ साली त्यांनी येथूनच दिला. १९३४ सालच्या हिशेबनिसाच्या वहीत यांपैकी एकही रकमेचा जमाखर्च मांडता आला नसता!

संशोधनाचा काळ पंचवार्षिक निवडणुकीच्या मापाने मोजताच येत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले आणि ते १९६६ साली पुरे झाले. सुखटणकर व त्यांच्यामागून आलेले संपादक यांनी १२५९ हस्तलिखिते पारखली. डेक्कन कॉलेजातील संस्कृतच्या ऐतिहासिक शब्दकोशाचे काम १९४८ साली सुरू झाले, आणि इतकी दशके लोटून, खंडामागून खंड निघूनही ते अद्याप वर्णमालेच्या आरंभीच आहे. अशा कामांना धीर लागतो आणि धीराला नियमित वेतन लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने कनिष्ठ अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३१ हजारांवरून ३७ हजार रुपये व वरिष्ठ वृत्ती ३५ हजारांवरून ४२ हजार रुपये केली, हे चांगलेच झाले. परंतु आकडा कागदावर कितीही मोठा असला तरी तो दर महिन्याला हाती पडत नसेल तर काय कामाचा? पुण्यात खोलीचे भाडे आणि खाणावळीचे बिल दर महिन्याला द्यावे लागते. घरमालक किंवा खाणावळवाला शासनाच्या निर्णयाची वाट पाहत थांबत नाही. ज्याच्या घरी शेती, घर किंवा नोकरदार वडील आहेत तो थकलेल्या वृत्तीची वाट पाहू शकतो. ज्याच्या घरी हे काहीच नाही तो संशोधन सोडून मिळेल त्या नोकरीस लागतो. म्हणजे उशीर हीसुद्धा एक चाळणीच आहे, आणि ती चाळणी गुणवत्तेची नसून ऐपतीची आहे.

येथवर आम्ही विद्यापीठीय संशोधकांचा विचार केला. पण महाराष्ट्राचा इतिहास ज्यांनी उभा केला त्यांतील कितीतरी जण विद्यापीठाच्या आवाराबाहेरचे होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे खेडोपाडी हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून कागद उतरविले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने बावीस खंड प्रसिद्ध केले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले, आणि आयुष्यभर विपन्नावस्थेशी झुंजत १९२६ साली धुळ्यास देह ठेविला. रियासतकार सरदेसाई बडोद्याची नोकरी सांभाळून इतिहास लिहीत राहिले आणि निवृत्तीनंतर त्यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी लोकदैवतांचा आणि लोकसंस्कृतीचा जो प्रचंड शोध पुण्यात बसून घेतला तो प्राध्यापकाची खुर्ची अडवून नव्हे. धुळ्याचे शरद् पाटील चळवळीत राहून दासप्रथेचा व जातिव्यवस्थेचा इतिहास नव्याने मांडीत राहिले. आजच्या नियमांप्रमाणे नोंदणी, वयोमर्यादा, पात्रता परीक्षा आणि मार्गदर्शकाची सही यांच्या चाळणीतून राजवाडे पार पडले असते काय? आम्हांस तशी आशा वाटत नाही.

बंगळुरूची न्यू इंडिया फाउंडेशन ही संस्था २००४ पासून स्वतंत्र भारताच्या इतिहासावर ग्रंथ लिहिणाऱ्यांना वृत्ती देत आहे, आणि अलीकडे भारतीय भाषांतील वैचारिक ग्रंथांच्या इंग्रजी अनुवादासाठीही तिने वृत्त्या सुरू केल्या असून त्यांत मराठीचा समावेश आहे. हे स्तुत्य आहे. पण तेथून येणारे पुस्तक इंग्रजीत येते. मराठी वाचकासाठी मराठीतच पाच वर्षे खपून ग्रंथ लिहिणाऱ्यास आधार देणाऱ्या स्वतंत्र वृत्तीची महाराष्ट्रात मोठी वाण आहे. पुस्तक तयार झाल्यावर छपाईला अनुदान मिळू शकते, बक्षीसही मिळते. परंतु ते तयार होण्यापूर्वीच्या वर्षांचे काय? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले. कोट्यवधी मोडी कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात वाचणाऱ्याची वाट पाहत असताना नुसत्या पेढ्यांनी भाषा अभिजात ठरत नाही.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' ही म्हण आपल्याकडे शहाणपणाची समजली जाते. इतिहासाच्या क्षेत्रात मात्र ती सर्वनाशाची आहे. सरकारची वृत्ती घेतली म्हणून सरकारला आवडेल तो इतिहास लिहावा, जातीच्या नावाच्या संस्थेची वृत्ती घेतली म्हणून त्या जातीचा गौरवग्रंथ लिहावा, किंवा शेठजींची देणगी घेतली म्हणून त्यांच्या घराण्याची बखर लिहावी, असे होऊ लागले तर आपण पुन्हा रमण्यात जाऊन बसलो असे समजावे. 'सारथी'चा संशोधक मराठा सरदारांच्या चुका दाखवू शकला पाहिजे, 'बार्टी'चा संशोधक दलित चळवळीची चिकित्सा करू शकला पाहिजे, आणि जुन्या प्राच्यविद्या संस्थांतील पंडिताने जातिव्यवस्थेचे ग्रंथगत समर्थन निर्भयपणे उघडे केले पाहिजे. निष्कर्ष न आवडणाऱ्यांनी ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेत शिरून कपाटे, ग्रंथ आणि हस्तलिखिते यांची नासधूस केली, तो दिवस पुणे अद्याप विसरलेले नाही. ज्या पुस्तकावरून ते घडले त्यातील विधानांचा प्रतिवाद लेखणीने करण्यास महाराष्ट्रात विद्वानांची कमतरता नव्हती. पुढे २०१० साली सर्वोच्च न्यायालयात त्या पुस्तकावरील बंदीही टिकली नाही. फाटलेली पाने मात्र कोणत्याही न्यायालयाला परत आणता आली नाहीत. संशोधकाला पोटासाठी वृत्ती जशी हवी तसेच त्याच्या पाठीशी उभे राहणारे शासन आणि समाजही हवेत.

दुसऱ्या बाजूच्या दोषांवरही आम्ही पांघरूण घालू इच्छित नाही. भाडोत्री प्रबंध, इकडून-तिकडून उचललेली पाने, मूळ साधन न पाहता लिहिलेली प्रकरणे आणि वृत्ती संपेपर्यंतच टिकणारी ज्ञानाची तळमळ, हे सारे आपल्या विद्यापीठांतून दिसते हे कोण नाकारील? पण शेतात तण माजले म्हणून कोणी पाणी तोडीत नाही, खुरपणी करतो. खुरपणी म्हणजे कठोर परीक्षण. जागांची सरसकट मर्यादा म्हणजे पाणी तोडणे होय. शिवाय हा दोष केवळ राखीव वृत्तीच्या विद्यार्थ्यांत आहे असे सुचविणाऱ्यांनी मागील पिढ्यांतील धूळ खात पडलेले प्रबंध एकदा उघडून पाहावेत, म्हणजे त्यांचा भ्रम दूर होईल.

तेव्हा काय केले पाहिजे, हे आम्ही स्पष्टपणे मांडतो. पहिली गोष्ट, जाहिरात, परीक्षा, निकाल व वितरण यांच्या तारखा वर्षारंभी जाहीर होऊन पाळल्या जाव्यात, आणि वृत्ती पगाराप्रमाणे दर महिन्यास जमा व्हावी. दुसरी गोष्ट, जागांची संख्या किती पात्र संशोधक पुढे येतात हे पाहून ठरावी. एकाच आकड्याने सर्व समाजांना मापण्यात समता नाही, केवळ सोय आहे. तिसरी गोष्ट, निवड समितीत अधिकाऱ्यांचे प्राबल्य नसून विषयाच्या जाणकारांचे असावे, त्यांत निरनिराळ्या समाजांतील आणि महाराष्ट्राबाहेरीलही विद्वान असावेत, आणि नाकारलेल्या प्रत्येक अर्जदारास कारण लेखी कळावे. १८५५ साली जोतीरावांना ते कारण स्वतःच ताडावे लागले होते. चौथी गोष्ट, विषयावर बंदी आणि निष्कर्षावर अट नसावी. २०२२ सालच्या त्या नियमासारखे नियम रद्द व्हावेत, असा आग्रह महाराष्ट्रातील खासदारांनी पक्षभेद विसरून धरावा. पाचवी गोष्ट, राज्याने पदवीची अट न घालता, पूर्वीचे काम व योजना पाहून, मराठीत लिहिणाऱ्या स्वतंत्र इतिहासलेखकांसाठी तीन ते पाच वर्षांच्या थोड्या पण भरीव वृत्त्या सुरू कराव्यात, आणि मोडी, फारसी, प्राकृत व पोर्तुगीज शिकण्याची सोय त्यांना जोडून द्यावी. याच्या बदल्यात समाजाने एवढेच मागावे की, सार्वजनिक पैशातून झालेला प्रत्येक प्रबंध सर्वांना वाचावयास खुला असावा, आणि त्याचे सार मराठीत उपलब्ध व्हावे.

एक शब्द आमच्या वाचकांसाठीही. सर्व भार सरकारवर टाकून मोकळे होण्याची सवय आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाला अलीकडे लागली आहे. महाभारताची आवृत्ती औंधच्या पंतप्रतिनिधींच्या औदार्यावाचून उभी राहिली नसती, आणि भारत इतिहास संशोधक मंडळ सभासदांच्या वर्गण्यांवर तग धरून राहिले. आज पुण्यात त्या काळच्या कित्येक संस्थानिकांहून सुस्थितीत असलेली घरे हजारोंनी आहेत. घरातील लग्नसमारंभात एका संध्याकाळच्या रोषणाईवर जेवढे खर्च होते, तेवढ्यात एखाद्या विश्रांतवाडीच्या वा येरवड्याच्या खोलीत राहून दप्तर वाचणाऱ्या मुलीचे वर्ष निघू शकते. दहा कुटुंबांनी एकत्र येऊन अशी एक वृत्ती द्यावी. नाव स्वतःचे लावू नये, विषय सुचवू नये आणि जात विचारू नये. दक्षिणेचा तोच खरा अर्थ होईल, आणि तिचे फळ पुढील पिढीच्या हाती ग्रंथरूपाने पडेल.